हिरवं पाकीट

आजीबाईंनी पाकीट माझ्यापुढे धरलं आणि मी दोन पावलं मागे सरले. हिरवं, चिकटवून बंद केलेलं, पाठीवर थरथरत्या हातानं केलेली सही. "घे मिहा, तूच टाक पेटीत. या उन्हात माझे गुडघे चालत नाहीत," त्या स्पॅनिशमध्ये म्हणाल्या. मिहा म्हणजे पोरी. आणि मी दोन्ही हात पाठीमागे बांधून, शाळेत छडी चुकवायला उभी राहायचे तशी त्यांच्या अंगणात उभी.

त्या पाकिटात त्यांची भरलेली मतपत्रिका होती. ॲरिझोनात २०१६ पासून दुसऱ्याची भरलेली टपाली मतपत्रिका नेऊन देणं हा गंभीर गुन्हा आहे. घरचं माणूस, त्याच घरात राहणारं कुणी किंवा त्यांची शुश्रूषा करणारी व्यक्ती, एवढ्यांनाच मुभा. या कायद्याविरुद्धचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०२१ मध्ये कायदा टिकला. त्याआधी या वस्त्यांमध्ये ओळखीच्या बायका दारोदार फिरून पाकिटं गोळा करत. आजीबाईंना तेच आठवत होतं.

"नात कधी येते?" मी विचारलं.

"रविवारी."

"मग तिच्या हाती द्या. नाहीतर पोस्टमन येईल त्याला द्या, तिकीटही लावायला नको."

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "म्हणजे तू नुसती बोलायला आलीस?"

हो म्हणाले. २०२४ चा सबंध उन्हाळा आणि पुढे नोव्हेंबरपर्यंतचा जवळजवळ प्रत्येक शनिवार-रविवार मी दारोदार मतदानाविषयी नुसती बोलायलाच जात होते.

मी मूळची मिरजेची. नवऱ्याच्या मागोमाग २००३ मध्ये एच-फोर व्हिसावर फीनिक्सशेजारच्या चँडलरला आले. ग्रीन कार्ड २०१२ मध्ये, नागरिकत्वाची शपथ २०१८ मध्ये. शपथ घेतली त्याच आठवड्यात मोठ्या उत्साहानं मतदार नोंदणीचा अर्ज भरला. आणि काही दिवसांनी पत्र आलं की तुमच्या नागरिकत्वाचा पुरावा आमच्याकडे नाही, तो येईपर्यंत तुम्हाला फक्त देशपातळीवरच्या, म्हणजे अध्यक्षाच्या आणि काँग्रेस या इथल्या संसदेच्या, निवडणुकीची मतपत्रिका मिळेल. गव्हर्नर, न्यायाधीश, शाळा मंडळ यांतलं काहीही नाही.

माशी कुठे शिंकली ते कळायला मला तीन फोन करावे लागले. २००४ मध्ये इथल्या मतदारांनी प्रस्ताव २०० मंजूर केला, तेव्हापासून राज्यात मतदार व्हायचं तर नागरिकत्वाचा पुरावा द्यावा लागतो. ऑक्टोबर १९९६ नंतर काढलेलं ॲरिझोनाचं ड्रायव्हिंग लायसन्स पुरावा म्हणून चालतं. पण ते काढताना तुम्ही परदेशी नागरिक असाल, तर सरकारी संगणकात त्याच्यापुढे 'एफ' अशी खूण असते. शपथ घेतली म्हणून ती खूण आपोआप पुसली जात नाही. लायसन्स चालायचं वयाच्या पासष्टीपर्यंत, त्यामुळे ते बदलायला कोण जाणार? अशा माणसानं अर्जातल्या एका लहानशा चौकटीत नागरिकत्वाच्या प्रमाणपत्रावरचा क्रमांक लिहायचा असतो. मी ती चौकट रिकामी सोडली होती. दोन पदव्या, इंग्रजी बरं, आणि व्यवसाय हिशेब तपासण्याचा. तरीही.

हे सगळं मी कामावरच्या मैत्रिणीला सांगितलं तेव्हा ती पोट धरून हसली. पश्चिम फीनिक्समध्ये लोकांचे टॅक्स भरून देणाऱ्या एका छोट्या ऑफिसात आम्ही दोघी शेजारशेजारच्या टेबलांवर बसतो. ती मेक्सिकोतल्या एर्मोसियोची. मला ती कोमाद्रे म्हणते. खरं तर आपल्या मुलाची धर्ममाता झालेल्या बाईला कोमाद्रे म्हणतात, पण वापरात जिवाभावाच्या कुठल्याही बाईला. माझं स्पॅनिश याच ऑफिसात झालं, त्यामुळे मला आधी 'वजावट' आणि 'अवलंबित' हे शब्द आले आणि मग 'फुलपाखरू'. तर ती हसून म्हणाली, "तुझ्यासारखीचं हे झालं, तर माझ्या गल्लीतल्या बायकांचं काय होत असेल?" सहा वर्षांनी, २०२४ मध्ये, तिनं मला तिच्या मतदार नोंदणीच्या संस्थेच्या प्रशिक्षणाला ओढत नेलं.

प्रशिक्षण एका चर्चच्या हॉलमध्ये, शनिवारी सकाळी. चाळीसेक जण, त्यातल्या तीसेक बायका. संस्था धर्मादाय, म्हणून पक्षाचं किंवा उमेदवाराचं नाव काढायचं नाही, हे तीनदा बजावलं. मग आकडे. ॲरिझोनात मताचा हक्क असलेल्या दर चार माणसांत एक लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी मुळाचा, आणि २०२० मध्ये या राज्यात अध्यक्षपदाचा निकाल लागला फक्त १०,४५७ मतांच्या फरकानं. मग दारात काय बोलायचं त्याचा कागद. त्यात एक वाक्य होतं, 'सु वोतो एस सु वोस', तुमचं मत हाच तुमचा आवाज. विली वेलास्केस यांनी १९७४ मध्ये टेक्ससच्या सॅन अँटोनियोत मतदार नोंदणीची मोठी चळवळ सुरू केली, तिची ही घोषणा. घोषणा सुरेख आहे. दारात मात्र मला तिचा काडीचा उपयोग झाला नाही.

आम्हाला मिळाला मेरीव्हेल भाग. १९५० च्या दशकात जॉन एफ. लाँग नावाच्या बिल्डरनं स्वस्त बैठी घरं बांधून बायकोच्या, म्हणजे मेरीच्या, नावानं ही वस्ती वसवली. तेव्हा राहायला आली गोरी कुटुंबं, आज बहुतांश लॅटिनो. मधून इंडियन स्कूल रोड जातो. पहिल्या दिवशी मला उगाच बरं वाटलं, आपलं काहीतरी असेल म्हणून. ते इंडियन म्हणजे मूळ अमेरिकन. त्यांच्या मुलांना घरापासून तोडून ज्या निवासी शाळेत ठेवत, ती शाळा या रस्त्यावर १८९१ पासून १९९० पर्यंत होती. दारात मात्र मी रोज 'हिंदू' व्हायचे. मेक्सिकन माणूस भारतीयाला हिंदू म्हणतो, धर्माशी संबंध नाही. "तुम्ही हिंदू? मग आमच्याकडे कशा?" या प्रश्नानं जेवढी दारं उघडली, तेवढी त्या कागदानं उघडली नाहीत.

ऊन किती, ते सांगायलाच हवं. त्या वर्षी फीनिक्समध्ये सलग ११३ दिवस पारा शंभर फॅरनहाइटच्या वर गेला, आणि ऑक्टोबर उजाडला तरी ११० च्या पुढे जात होता. सकाळी आठला निघायचं, अकराला परत. गळ्यात ओळखपत्र, हातात फोनवरची यादी, पाठीवर बर्फाच्या पाण्याची बाटली. लोखंडी जाळीचं फाटक, आत अंगावर येणारी चिवावा कुत्री, भिंतीवर ग्वादालुपेची माता. एका फेरीत साठेक दारं, त्यांतली दहा-बारा उघडायची. उघडलेल्या दारातून पहिल्यांदा बाहेर यायचं ते पाणी. कधी आग्वा दे हामाइका, म्हणजे लाल अंबाडीच्या बोंडांचं सरबत. अंबाडी! मी म्हणाले, आम्ही हिच्या पाल्याची भाजी करतो, वरून लसणाची फोडणी. बाई चकित. पुढची दहा मिनिटं पाककृतीत गेली आणि फोनवर मी 'संवाद झाला' या चौकटीत खूण केली. खोटं काय त्यात?

काही दारांत 'आओरीता' ऐकू यायचं. शब्दशः अर्थ 'आत्ताच'. व्यवहारात अर्थ तोच, जो आपल्याकडे 'आलोच हं' चा.

नोंदणीची मुदत ७ ऑक्टोबरपर्यंत होती. तोवर दारात पहिला प्रश्न विचारायचा, तो मला सगळ्यांत जड गेला: तुम्ही नागरिक आहात का? विचारलाच पाहिजे. ग्रीन कार्डवरच्या बाईनं चुकून 'होय, नागरिक' या चौकटीत खूण केली, तर तो नागरिकत्वाचा खोटा दावा ठरतो, आणि त्यापायी देशाबाहेर जावं लागू शकतं. माझ्या घाईनं एखादीचं घर उठायचं. म्हणून आग्रह करायचा नाही, 'भरा हो, काही होत नाही' असं तर चुकूनही म्हणायचं नाही. पण हाच प्रश्न अनोळखी माणसानं गळ्यात ओळखपत्र घालून दारात उभं राहून विचारला, की आतले चेहरे बदलायचे. टीव्हीचा आवाज कमी व्हायचा. मागच्या खोलीत कुणीतरी सरकायचं.

याचं कारण मला कोमाद्रेनं गाडीत सांगितलं. २०१० चा 'कागद दाखवा' कायदा, एसबी १०७०, मला माहीत होता. शेरीफ जो अर्पायो यांच्या खात्यानं लॅटिनो चालकांना वंशावरून अडवलं, असं न्यायालयानं २०१३ मध्ये म्हटलं, हेही वाचलं होतं. पण तिनं विचारलं, "तुझ्या चँडलरमध्ये १९९७ ला काय झालं ते ठाऊक आहे?" ठाऊक नव्हतं. जुलै १९९७ मध्ये पाच दिवस चँडलरचे पोलीस आणि सीमा दलाचे लोक गावात फिरून मेक्सिकन दिसणाऱ्यांना रस्त्यात, दुकानांबाहेर, घरांपाशी थांबवून कागद मागत होते. चारशेहून अधिक लोकांना पकडलं. अडवलेल्यांत जन्मानं अमेरिकन असलेलेही होते. ज्या चौकात आम्ही वीस वर्षं शनिवारी भाजी आणायला जातो, तिथलीच गोष्ट. आमच्या एकाही पार्टीत ती कुणी काढली नव्हती. काढणार कोण? आम्ही नंतर आलो, आणि आमच्या हातात कागद होते.

मग मी प्रश्नाची चाल बदलली. आधी माझं लायसन्स दाखवायचं आणि माझी फजिती सांगायची. 'एफ'ची गोष्ट, रिकामी चौकट, पत्र. ती ऐकून बायका स्वतःहून बोलायच्या. "माझी मुलगी इथं जन्मली, तिचं विचारते." "मला शपथ घेऊन तीन वर्षं झाली, नाव घातलंय पण कार्ड आलंच नाही." "नवऱ्याचं विचारू नकोस." एकेका घरात चार तऱ्हा: आई ग्रीन कार्डवर, बाप कागदाविना, थोरला 'डाका'खाली, म्हणजे लहानपणी कागदाविना आणलेल्यांसाठीच्या योजनेखाली, तात्पुरत्या परवान्यावर, धाकटी नागरिक. त्या घरात मत एकच, पण त्याची चर्चा चौघांत. एकदा एका एकोणीस वर्षांच्या मुलीचा अर्ज भरताना तिचा बाप मागे उभा राहून प्रत्येक अक्षर बघत होता. सही झाल्यावर त्यानं शर्टाच्या बाहीनं टेबलावरचा पाण्याचा थेंब पुसला, कागद ओला होऊ नये म्हणून. तो स्वतः दरवर्षी आमच्याकडे टॅक्स भरतो.

या बायका मतदानाबाबत उदासीन आहेत, असं इथले शहाणे लोक टीव्हीवर म्हणतात. मला उदासीनता थोडी दिसली, कागदांचा घोळ पुष्कळ दिसला. घर बदललं, पत्ता तोच राहिला. आणि नावं! मेक्सिकन माणसाला दोन आडनावं असतात, पहिलं बापाचं, दुसरं आईचं. इथल्या फॉर्मवर पहिलं आडनाव मधल्या चौकटीत ढकललं जातं आणि आईचं आडनाव तेवढं शिल्लक राहतं. एका कागदावर एक, दुसऱ्यावर दुसरं, आणि यंत्राला वाटतं ह्या दोन बायका. मी यात पारंगत निघाले. माझ्या नावातही नवऱ्याचं नाव मध्ये, आणि लग्नाआधीच्या कागदांवर त्या जागी वडिलांचं. पासपोर्टवर सगळं एका ओळीत, लायसन्सवर तुकडे तुकडे. वीस वर्षं हे निस्तरलेल्या बाईला दुसरीच्या नावातली गाठ लगेच दिसते. गावाकडे मतदार यादीसाठी बहुधा शाळेतल्याच बाई घरी येत; त्यांना आमच्या घरातली सगळी नावं तोंडपाठ. इथं ज्याचं नाव त्यानंच सांभाळायचं.

९ ऑक्टोबरला मतपत्रिका टपालानं निघाल्या, आणि दुसरंच प्रकरण सुरू झालं. दोन मोठे कागद, दोन्ही बाजूंनी छापलेले. अध्यक्षापासून पाणी मंडळापर्यंत उमेदवार, न्यायाधीशांची लांबलचक यादी, आणि राज्याचे तेरा प्रस्ताव. इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्ही, कारण १९७५ पासून मतदान हक्क कायद्यात तशी तरतूद आहे. पण ते स्पॅनिशही वकिलाचंच. आपल्याकडे एक बटण दाबलं, बोटाला शाई लागली, झालं. इथं मतपत्रिका भरायला मला पहिल्यांदा सव्वा तास लागला होता.

कोमाद्रेनं यावर काढलेली तोड म्हणजे तांदा. तांदा म्हणजे आपली भिशी, हुबेहूब. दहा-बारा बायका, दर पंधरवड्याला ठरलेले डॉलर, एकीची पाळी. तिच्या तांदातल्या बायका एका रविवारी तिच्या स्वयंपाकघरात जमल्या. कॉफी, गोड पाव, आणि टेबलावर नमुना मतपत्रिका. आठवीतली एक मुलगी एकेक प्रस्ताव मोठ्यानं वाचत होती. आम्ही दोघींनी फक्त सोप्या शब्दांत सांगायचं की 'सी' म्हटलं तर काय होईल आणि 'नो' म्हटलं तर काय. मत सांगायचं नाही. ओठ दाबून बसणं काय असतं, ते त्या दिवशी कळलं.

कारण प्रस्ताव १३९ होता गर्भपाताचा हक्क राज्यघटनेत घालण्याचा, आणि ३१४ होता सीमेवरून चोरवाटेनं येणं राज्याच्या कायद्यानं गुन्हा ठरवून स्थानिक पोलिसांना अटकेचा अधिकार देणारा. मी गृहीत धरलं होतं की ३१४ वर सगळ्या एका सुरात 'नो' म्हणतील. एका बाईनं, ऑफिसं साफ करायचं काम करणाऱ्या, टेबलावर हात आपटून सांगितलं, "मी सतरा वर्षं थांबले. यांना का रांग नको?" दुसरी उसळली, "तुझा भाऊ कसा आला होता?" स्वयंपाकघर तापलं. तिसरीचं म्हणणं, अंड्यांचे भाव कोणत्या प्रस्तावात आहेत ते आधी सांगा. रोज जपमाळ ओढणाऱ्या एकीनं १३९ वर बराच वेळ काही म्हटलं नाही, मग कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला. "हे मी घरी एकटीनं भरीन." आणि मला तेच सगळ्यांत चोख वाटलं. 'लॅटिना मत' नावाची एक गोष्ट नसते, हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर मी मान डोलावली असती, कळलं नसतं.

त्याच चालीवर मी आमच्या चँडलरच्या भिशीत नमुना मतपत्रिका नेली. त्याआधी ७ सप्टेंबरला गणपतीच्या कार्यक्रमात नोंदणीचं टेबलही लावलं होतं. प्रसादाच्या रांगेतून लोक माझ्याकडे बघून हात करत आणि पुढे जात. "आमचं ग्रीन कार्डचंच अजून काही खरं नाही" हे कारण खरं, भारतीयांची रांग दशकांची आहे, तिथं मी गप्प. पण नागरिक झालेले? "मतदार झालं की ज्यूरी ड्यूटी लागते हो." अहो, ज्यूरीची नावं लायसन्सच्या यादीतूनही काढतात, तुम्ही गाडी चालवणं सोडणार का? "आपल्याला काय, कुणीही आला तरी." दिवसभरात सात अर्ज. त्यांतल्या दोघांच्या लायसन्सपुढे संगणकात 'एफ' निघाला, तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. भिशीत बरं चाललं. मराठीतली मतपत्रिका इथं मिळत नाही, म्हणून प्रस्ताव मी तोंडी मराठीत सांगितले, आणि एक काकू म्हणाल्या, "न्यायाधीशांना मत द्यायचं असतं होय? मी ते पान कोरंच पाठवत होते."

शेवटच्या आठवड्यात कोमाद्रे मला सांता रिता हॉलपाशी घेऊन गेली. मे १९७२ मध्ये इथं शेतमजुरांचे पुढारी सेसार चावेस सुगीतल्या शेतमजुरांच्या संपावर बंदी घालणाऱ्या कायद्याविरुद्ध उपोषणाला बसले होते. लोक म्हणत, ॲरिझोनात काही होणार नाही, 'नो से पुएदे'. त्यावर त्यांच्या सहकारी दोलोरेस उएर्ता उत्तरल्या, 'सी से पुएदे', होतं. आम्ही गाडीतच बसून सँडविच खाल्लं. तिची आई कांद्याच्या शेतात काम करायची, एवढं ती बोलली, आणि मग एसी वाढवला.

५ नोव्हेंबरला मतदान झालं. ट्रम्प यांनी राज्य जिंकलं; त्याच मतपत्रिकांवर रुबेन गायेगो सिनेटवर गेले, ॲरिझोनातून जाणारे पहिले लॅटिनो. १३९ मंजूर, ३१४ पण मंजूर. ऑफिसात त्या आठवड्यात आम्ही दोघी हिशेबांशिवाय फार बोललो नाही.

रविवारी, १० तारखेला, दुपारी तिचा फोन. हिरव्या पाकिटाच्या आजीबाईंची सही अडकली होती. पाकिटावरची सही जुन्या नोंदीतल्या सहीशी ताडून बघतात. जुळली नाही तर मतदानानंतर पाच दिवसांत 'ही माझीच' असं सांगावं लागतं. पाचवा दिवस आजच. आजीबाईंना तीन फोन येऊन गेले होते. अनोळखी नंबर त्या उचलत नाहीत, आणि ही सवय त्यांना उगाच लागलेली नाही. १९८६ च्या माफी कायद्यानं कागद मिळालेली, १९९६ मध्ये नागरिक झालेली ही बाई. तेव्हाची सही होती भांडी घासणाऱ्या, पण न थरथरणाऱ्या हाताची. आता संधिवात.

पोचलो तेव्हा तीन वाजले होते. नातीनं नंबर लावून फोन टेबलावर ठेवला, आवाज मोठा केला. पलीकडच्या मुलीनं स्पॅनिशमध्ये जन्मतारीख विचारली, पत्ता विचारला आणि मग, पाकिटावरची सही तुम्हीच केली का?

"मग काय कुत्र्यानं केली?" आजीबाई म्हणाल्या.

पलीकडे क्षणभर शांतता, मग हसू दाबल्याचा आवाज. नोंद झाली म्हणाली, आभारही मानले.

आम्ही उठलो. आजीबाई काठी टेकत आत गेल्या आणि एक चिकटवलेलं पाकीट घेऊन आल्या. पांढरं, तिकीट लावलेलं, विजेच्या बिलाचं.

"हे तरी टाकशील का, की यालाही तुरुंग आहे?"

मी दोन्ही हातांनी घेतलं.